राष्ट्राचे दार आणि राष्ट्राची पत

राष्ट्राराष्ट्रांमधील संबंधांचा इतिहास वाचावयास बसले म्हणजे तह, लढाया, परिषदा आणि राजदूतांची भाषणे यांचीच गर्दी दृष्टीस पडते. बंदरावरचा अंमलदार, वकिलातीच्या खिडकीपाशी ताटकळणारा प्रवासी आणि त्याच्या पारपत्रावर उमटणारा किंवा न उमटणारा शिक्का यांना त्या इतिहासात क्वचितच जागा मिळते. परंतु परक्या देशाची ओळख सामान्य माणसाला होते ती परराष्ट्रमंत्र्याच्या भाषणातून नव्हे, तर या खिडकीपाशी. तेथे त्याला काय विचारले गेले, कोणत्या रांगेत उभे केले गेले, हे तो जन्मभर विसरत नाही. आणि असे न विसरणारे लोक संख्येने वाढले म्हणजे ती गोष्ट खाजगी न राहता राजकारणाची होऊन बसते.

परवान्याची कल्पना आपणांस नवी नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘दस्तक’ आणि ‘राहदारी’ हे शब्द जागोजाग भेटतात. तथापि आज ज्याला आपण व्हिसा म्हणतो, म्हणजे परदेशी जाण्यापूर्वीच त्या देशाच्या वकिलाकडून मिळवावयाची अनुमती, तिचे सार्वत्रिक राज्य पहिल्या महायुद्धानंतरचे आहे. तत्पूर्वी युरोपातील व अमेरिकेतील पुष्कळ प्रदेशांत माणूस पारपत्रावाचूनही फिरू शके. हे दार बंद कसे झाले, कोणासाठी आधी बंद झाले आणि त्याची किंमत बंद करणाऱ्याला काय पडली, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे आहे. १८८२ पासून १९६५ पर्यंत या देशाने आशियातील लोकांशी आपल्या दारात जो व्यवहार केला, त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहो.

या कथेचा आरंभ मैत्रीच्या करारापासून होतो. १८६८ साली अमेरिका व चीन यांच्यात जो बर्लिंगेम तह झाला, त्यात उभय देशांतील लोकांनी एकमेकांच्या देशात मोकळेपणाने जावे-यावे हे तत्त्व मान्य केलेले होते. त्या वेळी अमेरिकेला मजूर हवे होते. पुढल्याच वर्षी, मे १८६९ मध्ये, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे लोहमार्ग जोडले गेले. त्यांपैकी पश्चिमेकडील भागात सिएरा नेवाडाचे डोंगर फोडण्याचे काम हजारो चिनी मजुरांनी केले होते. काम संपले, मंदी आली, आणि कॅलिफोर्नियात गोऱ्या कामगारांचा रोष या स्वस्त मजुरांवर वळला. १८८२ साली चिनी मजुरांना दहा वर्षांसाठी प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. ती मुदत पुनःपुन्हा वाढवीत नेऊन १९०४ साली बंदी बेमुदत करण्यात आली. एका विशिष्ट राष्ट्राचे नाव घालून त्याच्या माणसांना मज्जाव करणारा अमेरिकेतील हा पहिला मोठा कायदा होय.

कायद्याने बंदी मजुरांना होती; व्यापारी, विद्यार्थी, अध्यापक व प्रवासी यांना नव्हती. त्यांच्यासाठी १८८४ च्या दुरुस्तीने एक रीत घालून दिली: चिनी सरकारने त्या गृहस्थाच्या दर्जाचे प्रमाणपत्र द्यावयाचे आणि चीनमधील अमेरिकन वकिलाने चौकशी करून त्यावर व्हिसाचा शेरा मारावयाचा. कागदावर ही रीत निर्दोष दिसते. प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरातील अंमलदार वकिलाच्या शेऱ्याला अखेरचा मानीतच नसत. प्रत्येक चिनी माणूस हा वेष बदललेला मजूर आहे असे गृहीत धरून उलटतपासणी चाले, लोकांना आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवण्यात येई आणि किरकोळ चुकीवरून परत धाडण्यात येई. म्हणजे अमेरिकेच्या एका अधिकाऱ्याने दिलेला शब्द दुसरा अधिकारी मोडीत असे, आणि तोही चीनमधील अगदी त्या वर्गाच्या बाबतीत, ज्याच्याशी अमेरिकेला व्यापार व स्नेह वाढवावयाचा होता.

याचा स्फोट १९०५ साली झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात शांघायच्या व्यापाऱ्यांनी अमेरिकन मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले व जुलैमध्ये तो सुरू झाला. कँटन व इतर बंदरांतून तो पसरला. त्यात दुकानदार होते तसेच विद्यार्थीही होते. योगायोग असा की त्याच वर्षीच्या ऑगस्टात कलकत्त्यास विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. आशियातील लोकांनी बाजारपेठेचे शस्त्र हाती घेण्याचा तो काळच होता. परंतु बंगालच्या चळवळीचे कारण प्रांताची फाळणी हे होते, तर चीनमधील चळवळीचे कारण परक्या देशाच्या दारात होणारा अपमान हे होते. थिओडोर रूझवेल्ट यांनी व्यापारी व विद्यार्थी यांना सौजन्याने वागवावे, अशी सक्त आज्ञा अधिकाऱ्यांना दिली, आणि वर्षअखेरीस अमेरिकन विधिमंडळास धाडलेल्या संदेशात चिनी लोकांवर अन्याय झाल्याचे स्पष्ट कबूल केले. बहिष्कार काही महिन्यांनी ओसरला, कायदाही बदलला नाही. परंतु खिडकीपाशी बसलेल्या अंमलदाराचे वर्तन हा राष्ट्राध्यक्षाच्या चिंतेचा विषय होऊ शकतो, हे तेव्हा प्रथमच सिद्ध झाले.

अमेरिकेला दुसराही मार्ग ठाऊक होता, हे लगेच पुढल्या काही वर्षांत दिसून आले. बॉक्सर बंडाबद्दल चीनवर लादलेल्या दंडातील अमेरिकेच्या वाट्याचा जादा भाग परत करण्याचे १९०८ साली ठरले, आणि त्या पैशातून चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिक्षण देण्याची योजना निघाली. त्यांच्या पूर्वतयारीसाठी पेकिंगमध्ये १९११ साली जे विद्यालय उघडले, तेच पुढे त्सिंगह्वा विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आले. या शिष्यवृत्तीवर १९१० साली गेलेला हू शी हा तरुण आधी कॉर्नेल व नंतर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्याजवळ शिकला. परत येऊन त्याने चिनी वाङ्मयात बोलभाषेचा पुरस्कार केला, आणि १९३८ ते १९४२ या बिकट काळात तोच चीनचा राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेला. त्याच कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर डॉ. भीमराव आंबेडकर दाखल झाले होते. ड्यूई यांच्या विचारांचा ठसा त्यांच्यावरही कायमचा उमटला, आणि त्या विद्यापीठाविषयीचा आदर त्यांनी अखेरपर्यंत बोलून दाखविला. एका विद्यार्थ्याला आत घेतल्याने देशाला जे मिळते, ते दहा प्रचारपुस्तिकांनी मिळत नाही. जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये ज्या प्रभावाला ‘सॉफ्ट पॉवर’ असे नाव दिले आणि ज्याला आपण सौम्य शक्ती म्हणू, तो प्रभाव नावाच्या पुष्कळ आधीपासून असा काम करीत आला आहे.

आता जपानकडे वळू. जपानची गोष्ट चीनहून वेगळी, कारण जपानला आरमार होते आणि १९०५ साली त्याने रशियाचा पराभव केलेला होता. १९०६ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळामंडळाने जपानी मुलांना पौर्वात्यांच्या वेगळ्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. प्रश्न शंभराहूनही कमी मुलांचा. पण टोकियोत संतापाची लाट उसळली. रूझवेल्ट यांनी मध्यस्थी केली आणि १९०७-०८ मध्ये पत्रव्यवहाराने एक समझोता ठरला, जो ‘सद्गृहस्थांचा करार’ या नावाने ओळखला जातो. त्याचे मर्म असे: अमेरिकेने जपानी लोकांविरुद्ध कायदा करावयाचा नाही, मजुरांना अमेरिकेची पारपत्रे न देण्याचे काम जपान सरकारने आपण होऊन करावयाचे. पुढे छायाचित्र पाहून लग्न ठरवून जाणाऱ्या वधूंविषयी ओरड झाली, तेव्हा १९२० साली जपानने त्यांचीही पारपत्रे थांबविली. या करारात मजुरांचा ओघ अडलाच, परंतु अडविणारा हात जपानचा स्वतःचा होता. संख्या आटली आणि मानही राहिला.

हा करार सोळा वर्षे टिकला. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामाचा प्रलयंकर भूकंप झाला, तेव्हा अमेरिकेने जहाजे, अन्न, औषधे व पैसा यांची एवढी मदत पाठविली की जपानी लोकांची मने कृतज्ञतेने भरून गेली. परराष्ट्राविषयी असा सद्भाव पिढीतून एखादवेळीच उत्पन्न होतो. तो पुरता एक वर्षही टिकू दिला गेला नाही. १९२४ च्या वसंतात अमेरिकन विधिमंडळापुढे नवे विधेयक आले. १८९० च्या शिरगणतीत ज्या देशाचे जितके लोक होते, त्यांच्या शेकडा दोन इतक्यांनाच दरवर्षी प्रवेश, आणि तोही परदेशातील अमेरिकन वकिलाने दिलेल्या व्हिसावर, अशी त्याची रचना होती. जपानला हे प्रमाण लावले असते तर वर्षाकाठी सुमारे १४६ माणसे आली असती. तेवढीही नकोत म्हणून, जे नागरिकत्वास अपात्र त्यांना प्रवेशच नाही, असे कलम घातले गेले. जपानचे नाव त्यात नव्हते; पण रोख कोणावर आहे हे उघड होते. परराष्ट्रमंत्री ह्यूज यांचा या कलमाला विरोध होता. जपानचे राजदूत हनिहारा यांनी आपल्या पत्रात ‘गंभीर परिणाम’ होतील असे दोन शब्द लिहिले आणि सिनेटर लॉज यांनी त्यांत गर्भित धमकी शोधून काढली. झाले! विधेयक प्रचंड बहुमताने मंजूर झाले. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी २६ मे रोजी नाराजीनेच सही केली, आणि १ जुलैपासून कायदा अमलात आला. जपानात तो दिवस राष्ट्रीय अपमानाचा दिवस म्हणून पाळला गेला.

याचा सर्वांत मोठा घाव कोणावर बसला? अमेरिकेच्या शत्रूंवर नव्हे, मित्रांवर. इनाझो नितोबे यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले होते, त्यांची पत्नी अमेरिकन होती, आणि आपण पॅसिफिक महासागरावरील पूल व्हावे ही त्यांची तरुणपणापासूनची आकांक्षा होती. हा कायदा असेपर्यंत अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. अमेरिकेशी सलोखा राखा असे सांगणाऱ्यांच्या तोंडचे शब्दच गेले, आणि अमेरिका तुम्हांला माणसात जमा धरीत नाही असे म्हणणाऱ्या लष्करी वृत्तीच्या लोकांना आयताच पुरावा मिळाला. या एका कायद्याने पॅसिफिकचे महायुद्ध घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मांचुरिया, तेल, चीनवरील आक्रमण अशी त्याची कारणे अनेक आहेत. परंतु १९४६ साली खुद्द जपानच्या सम्राटाने युद्धाची कारणे सांगितली, आणि ती टिपणे १९९० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांत दूरचे कारण म्हणून १९१९ च्या पॅरिस परिषदेत वंशसमतेची मागणी फेटाळली जाणे आणि कॅलिफोर्नियातील प्रवेशबंदी यांचाच उल्लेख होता. १४६ माणसे बाहेर ठेवण्यासाठी केवढी ही किंमत!

हिंदुस्थानची स्थिती याहून केविलवाणी होती, कारण आमच्या वतीने निषेधपत्र लिहावयास आमचा राजदूतच नव्हता. १९१७ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून मंजूर झालेल्या कायद्याने अक्षांश-रेखांशांच्या रेघा ओढून आशियाचा मोठा भाग निषिद्ध प्रदेश ठरविला, आणि हिंदुस्थान त्यात पडला. विद्यार्थी व प्रवासी यांना वाट राहिली. वस्ती करावयास जाणाऱ्यांना नाही. राहता राहिला तेथे आधीच स्थायिक झालेल्यांचा प्रश्न. नागरिकत्वाचा कायदा ‘गोऱ्या’ माणसांची अट घालीत होता. १९२२ च्या नोव्हेंबरात ओझावा या जपानी गृहस्थाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. थिंद हे पंजाबचे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले. मानववंशशास्त्राप्रमाणे आपण कॉकेशियनच, असे त्यांचे म्हणणे. त्यावर न्यायालय म्हणाले की शास्त्र काहीही सांगो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदू हा गोरा नव्हे. कसोटी तीन महिन्यांत बदलली, निकाल मात्र दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला.

थिंद यांचे वकीलपत्र घेणारे होते सखाराम गणेश पंडित. त्यांना १९१४ सालीच अमेरिकन नागरिकत्व मिळाले होते. या निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्यास आरंभ केला, आणि पाळी पंडितांवर आली. ते डगमगले नाहीत. एकदा न्यायालयाने दिलेला निर्णय पुन्हा उकरून काढता येणार नाही, या मुद्द्यावर त्यांनी स्वतःचा खटला १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. परंतु सर्वांच्या पदरी हे भाग्य नव्हते. वैष्णोदास बगाई हे १९१५ साली पत्नी व तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेले, दुकान घातले आणि मोठ्या विश्वासाने नागरिक झाले. नागरिकत्व गेले, त्यामागोमाग परकीयांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याने मालमत्ता ठेवण्याचा हक्क गेला, मायदेशी एक खेप करावी म्हटले तर अमेरिकेचे पारपत्र मिळेना, आणि ज्या ब्रिटिश सत्तेला कंटाळून ते बाहेर पडले होते, तिचेच पारपत्र मागावे असा सल्ला मिळाला. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी आत्महत्या केली.

पुढल्याच वर्षी या दाराची झळ अशा माणसाला लागली, ज्याचे नाव जगभर होते. १९२९ साली रवींद्रनाथ ठाकूर कॅनडाहून अमेरिकेत उतरले. प्रवेशखात्याच्या अधिकाऱ्यांकडून मिळालेली वागणूक त्यांना असह्य झाली, आणि लॉस एंजेलिसहून आपला दौरा आटोपता घेऊन ते जपानच्या वाटेला लागले. १९३० मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले, त्यांचे आदरातिथ्य झाले, राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांचीही भेट झाली. परंतु आधीची बातमी हिंदुस्थानात घरोघर पोहोचली होती, आणि नंतरच्या सत्काराने ती पुसली गेली नाही. बगाईंचा कैवार घेणारे फार थोडे होते. रवींद्रनाथांचा अपमान हा साऱ्या देशाचा अपमान ठरला. अंमलदाराला मात्र समोरचा माणूस कोण हे दिसले नसावे. त्याला दिसला तो कायद्याने ठरविलेला वर्ग.

अखेर दार किलकिले झाले ते नीतिबोधाने जितके, त्याहून अधिक गरजेने. दुसऱ्या महायुद्धात चीन हा अमेरिकेचा दोस्त होता. १९४३ च्या फेब्रुवारीत श्रीमती च्यांग कै-शेक यांनी अमेरिकन विधिमंडळापुढे भाषण केले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्याच वेळी जपानी नभोवाणी चिनी जनतेला विचारीत होती की, जे तुम्हांला दारातही उभे करीत नाहीत, त्यांच्यासाठी तुम्ही का मरता? या प्रश्नाला तोफेने उत्तर देता येईना. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ऐतिहासिक चूक दुरुस्त करा असे विधिमंडळास सांगितले, आणि डिसेंबर १९४३ मध्ये १८८२ पासूनची बंदी उठली. चीनला मिळालेला वार्षिक वाटा होता १०५ माणसांचा. हिंदुस्थानसाठी अमेरिकेतील इंडिया लीगचे जे. जे. सिंग यांनी खटपट चालविली. क्लेअर बूथ ल्यूस व इमॅन्युएल सेलर यांचे विधेयक मंजूर होऊन २ जुलै १९४६ रोजी ट्रूमन यांनी त्यावर सही केली. आम्हांला वाटा मिळाला १०० चा, आणि त्याबरोबर नागरिकत्वाचा हक्क. १९५२ च्या कायद्याने नागरिकत्वातील वंशाची अट सर्वांसाठीच गेली, जपानला १८५ चा वाटा मिळाला. आणि १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार वाट्यांची ही सारी पद्धतीच मोडीत निघाली.

१४६, १०५, १००. तेरा-चौदा कोटी वस्तीच्या देशाला या संख्यांनी काय बाधणार होते? म्हणूनच आमचे मत असे की, बोचला तो नकार नव्हे, वर्गीकरण बोचले. आपल्या घरात किती पाहुणे घ्यावेत हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि तो कोणी नाकारू नये. १९०७ च्या करारात अमेरिकेने हा अधिकार पुरेपूर बजावला, तरी जपान दुखावला नाही. १९२४ मध्ये तोच हेतू साधताना, तुम्ही जातीनेच अपात्र आहात असा शेरा कायद्यात लिहिला गेला, आणि एका पिढीचा स्नेह गेला. उलट शंभरांच्या त्या लहानशा फटीतून काय मिळाले तेही पाहावे. १९२० साली विद्यार्थी म्हणून गेलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात शेती करीत राहिलेले दलीपसिंग सौंद यांना १९४६ च्या कायद्यामुळे १९४९ साली नागरिकत्व मिळाले. १९५६ साली ते अमेरिकन विधिमंडळावर निवडून आले आणि पुढल्या वर्षी प्रतिनिधी या नात्याने आशियाच्या दौऱ्यावर निघून भारतातही आले. अमेरिकेत आशियाई माणसाला न्याय मिळत नाही, या आक्षेपाला त्यांच्या नुसत्या उपस्थितीने जे उत्तर दिले, ते कोणत्याही माहितीखात्याला देता आले नसते. चिनी बंदीबद्दल अमेरिकन सिनेटने २०११ मध्ये व प्रतिनिधिगृहाने २०१२ मध्ये खेद व्यक्त केला. तोवर ज्यांना तो ऐकावयाचा होता, ते बहुतेक निघून गेले होते.

ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून आपण सोडून देऊ नये. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतले. अमेरिकेत शेतकीचे शिक्षण घेऊन पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या संशोधनात नाव मिळविले. देश स्वतंत्र झाल्यावर ते परतू लागले, तेव्हा त्यांच्या वाटेत आडवे आले ते ब्रिटिश अमदानीच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव. ज्या सत्तेने ते नाव लिहिले ती गेली होती. यादी मात्र आपल्या कचेरीत तशीच राहिली होती. अडथळा पुढे दूर झाला, पण स्वतंत्र भारताच्या दारात एका स्वातंत्र्यसैनिकाला थांबावे लागले ते लागलेच.

आम्हां सरकारी नोकरांचा दिवस याद्या, वर्ग आणि नमुने यांतच जातो, आणि आपल्यापैकी कित्येक आज परप्रांतांत व परदेशांत अशाच खिडक्यांच्या मागे बसलेले आहेत. धोरण ठरविणे आपल्या हाती नाही. १९०५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतील अंमलदाराच्याही हाती नव्हते. परंतु वकिलाचा शेरा खरा मानावयाचा की समोरच्या माणसाला चोर समजून आरंभ करावयाचा, एवढे त्याच्या हाती होते. शांघायच्या व्यापाऱ्यांनी दुकानांतून अमेरिकन माल खाली उतरविला तो मुख्यतः या एवढ्याशा गोष्टीवरून. खिडकीपलीकडून कागद पुढे करणारा माणूस आपल्या देशात कदाचित दोन आठवडेच राहणार असतो. पण आपल्या देशाविषयी तो घरी जाऊन जे सांगणार असतो, त्याचा पहिला परिच्छेद आपण त्याच्यासमोरच लिहीत असतो.